गेलेल्या गायकाचा 'होलोग्राम' घरच्या टेबलावर कसा उभा करायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. ज्याला सगळे होलोग्राम कॉन्सर्ट म्हणतात त्यात होलोग्राम नसतोच. खरा होलोग्राम म्हणजे डेनिस गॅबॉरने 1947 मध्ये शोधलेली भानगड, त्याबद्दल 1971 मध्ये त्याला फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्यात उजेडाच्या लहरींची नोंद फिल्मवर होते आणि तुम्ही डोकं बाजूला नेलंत की वस्तूची बाजूही दिसते. स्टेजवर गाणारे जे दिवंगत स्टार असतात ते म्हणजे निव्वळ प्रतिबिंब. रात्री खोलीत लाइट लावून खिडकीपाशी उभं राहा, काचेत आपलाच दिवा बाहेरच्या अंधारात झाडावर लटकलेला दिसतो ना, तीच ट्रिक, फक्त दिव्याच्या जागी माणूस.

ही ट्रिक 24 डिसेंबर 1862 ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपरने लोकांना दाखवली, मूळ आयडिया हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरची पण नाव पडलं 'पेपर्स घोस्ट' (हे असं नेहमीच होतं म्हणा). आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी, 15 एप्रिल 2012 ला, अमेरिकेतल्या कोचेला म्युझिक फेस्टिव्हलमध्ये डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग या रॅपर्सच्या शोमध्ये दिवंगत रॅपर तुपाक शकूर येऊन गायला तो याच पद्धतीने. तुपाक गेला 1996 ला, कोचेला सुरू झालं 1999 ला, आणि तरी तो स्टेजवर येऊन कोचेलाचं नाव घेऊन पब्लिकला हाक मारतो. म्हणजे निदान तो एक शब्द तरी त्याने जिवंतपणी त्या फेस्टिव्हलसाठी उच्चारलेला असणं शक्य नाही. मला त्या सगळ्या शोमध्ये तेवढंच खटकलं होतं, गाण्याचं काही नाही. ते का ते पुढे येईल.

तर आता आपल्या घरच्या शोकडे. मी हे दोनदा केलंय, एकदा उगाच मजा म्हणून आणि एकदा मैत्रिणीच्या बाबांसाठी. ते हौशी गायक, जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तिच्याकडे त्यांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाचं एक रेकॉर्डिंग होतं, कॅमेरा ट्रायपॉडवर, मागे गडद पडदा, बाबा पूर्ण पायापर्यंत फ्रेममध्ये. इतकं सोयीचं मटेरियल फार कमी वेळा मिळतं. पहिल्यांदाच करणार असाल तर कोणा मोठ्या स्टारचा व्हिडिओ घेऊन करा, बिघडलं तर बिघडलं, कोणाचं मन दुखणार नाही.

लागणारं सामान म्हणजे एक टॅबलेट (मोबाईल चालतो पण माणूस बोटाएवढा दिसतो), पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ शीट, जाड पुठ्ठा, कटर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, काळं कापड आणि कंपासपेटीतला गुण्या. गुण्या विसरू नका, सगळा खेळ 45 अंशांचा आहे.

शीटवर जरा थांबतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. मीही पहिल्यांदा जुन्या फोटोफ्रेमची काच काढून लावली, म्हटलं काच छान सपाट असते, आणि बघतो तर गायकाला चार डोळे. काचेला दोन पृष्ठभाग असतात ना, पुढचा आणि मागचा, आणि दोन्हीवरून वेगवेगळं प्रतिबिंब येतं. 2 मिलिमीटर जाड काच 45 अंशात धरली की त्या दोन प्रतिमांमध्ये साधारण दीड मिलिमीटरचं अंतर पडतं, आणि तुमच्या गायकाचा अख्खा चेहराच जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो, मग काय होणार. पातळ ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची ती पारदर्शक शीट) घेतली तर हे अंतर इतकं कमी होतं की डोळ्याला कळत नाही. मोठ्या शोमध्ये काचेऐवजी ताणून बसवलेली पातळ पारदर्शक फिल्म वापरतात त्याचं हे एक कारण, आणि दुसरं अर्थात वजन, स्टेजभर काच उभी करायची म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर पडायची.

पातळ शीटचा तोटा म्हणजे ती लगेच पोक काढते. जरा जरी लहर राहिली तरी माणूस पाण्यात उभा असल्यासारखा हलतो. पुठ्ठ्याची चौकट कापून तिच्यावर चारही बाजूंनी टेप लावून शीट ढोलकीच्या पुडीसारखी ताणून बसवा, आणि टिचकी मारून बघा, आवाज आला पाहिजे. बोटांचे ठसे उमटू देऊ नका, अंधारात तेच आधी चमकतात.

माप कसं काढायचं तर माणूस जेवढा उंच हवा त्याला 1.41 ने गुणायचं, तेवढी शीट लांब लागते. ए-फोर ओएचपी शीट 29.7 सेंटिमीटरची असते, त्यात 20 सेंटिमीटरचा माणूस बसतो (20 गुणिले 1.41 म्हणजे 28.2) आणि वर दीड सेंटिमीटर उरतं. ते उरलेलं कापून टाकू नका, बघणारा थोडा उंच बसला की पहिलं डोकंच उडतं त्यामुळे तेवढी सूट हवीच.

नेटवर मोबाईलवर ठेवायचा तो चार बाजूंचा पिरॅमिड तुम्ही पाहिला असेल, वरची बाजू 1 सेंटिमीटर, खालची 6 आणि उंची साडेतीन. तो करून बघायला हरकत नाही, साडेतीन आकडा पण उगाच नाही आलेला, तिरका उतार 45 अंशात यावा म्हणून अडीचला 1.41 ने गुणून आलाय. पण त्यात एकच माणूस चार बाजूंनी चार वेळा दाखवावा लागतो, फुलपाखरू किंवा जेलीफिश छान दिसतं, गायक मात्र शोकेसमधल्या बाहुलीसारखा वाटतो. कॉन्सर्टचा फील हवा असेल तर एकच मोठी शीट आणि समोर बसणारी माणसं.

मांडणी अशी. टॅब टेबलावर आडवा झोपवायचा, स्क्रीन छताकडे. शीटची खालची कड टॅबच्या पलीकडच्या, म्हणजे प्रेक्षकांपासून लांबच्या टोकाला, आणि शीटचं वरचं टोक प्रेक्षकांच्या दिशेने पुढे झुकलेलं. हो, पुढे. अर्धे लोक ती मागे रेलवतात आणि मग छत दिसतं. गुण्या लावून दोन्ही बाजूंना 45 अंश तपासा, एका बाजूला 44 आणि दुसऱ्या बाजूला 46 झालं तर माणूस कलतो. आता टॅबवर व्हिडिओ असा फिरवा की माणसाचं डोकं प्रेक्षकांकडे आणि पाय शीटच्या कडेकडे. तुम्ही वाकून टॅबकडे बघाल तर तो उलटा दिसेल, पण शीटमधून बघितलं की ताठ उभा, बरोबर शीटच्या खालच्या कडेवर पाय रोवून.

आणि आता ते महत्त्वाचं. व्हिडिओ आडवा फ्लिप करायचा, म्हणजे डावं उजवीकडे. कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये मिररचं बटण असतं. प्रतिबिंब म्हटलं की बाजू बदलतात हे शाळेत शिकलेलो असतो आपण, तरी मी विसरलो, मैत्रीणही विसरली, आणि आम्ही दोघांनी ते दहा वेळा बघून वा वा केलं. तिच्या आईने पाच सेकंद बघितलं आणि म्हणाली, "अगं घड्याळ उजव्या हातात कसं यांच्या?" झालं. एवढी मेहनत करून आम्ही कोणी तिसराच माणूस उभा केला होता. तेव्हा शर्टचा खिसा, भांग, घड्याळ, तानपुरा किंवा गिटार कुठल्या हातात, हे एखाद्या जुन्या फोटोशी ताडून बघा, आणि शक्यतो त्यांना रोज बघणाऱ्या माणसाला शोच्या आधी कधीतरी एकटं दाखवून घ्या.

व्हिडिओची मुख्य अट म्हणजे मागचं सगळं पूर्ण काळं. काळ्या जागेतून उजेड निघत नाही म्हणून तिथे प्रतिबिंब नाही, म्हणून ती जागा आरपार दिसते, आणि माणूस हवेत उभा राहिल्यासारखा वाटतो. राखाडी पार्श्वभूमी राहिली तर माणसाभोवती एक फिकट चौकोन दिसतो आणि सगळी मजा गेली. बॅकग्राउंड काढायची ॲप्स आता बरीच चांगली झालीत पण केसांच्या कडेला गडबड करतातच, तिथे हाताने थोडं पुसा. आणि याच नियमाची दुसरी बाजू अशी की माणसाच्या अंगावरचं काळंही गायब होतं. आमच्या बाबांचा पांढरा झब्बा झकास उजळला, पण काळे केस पार अंधारात गेले, नुसता चेहरा तरंगतोय, मग मी केसांचा भाग तेवढा उजळवला तेव्हा कुठे डोकं जागेवर आलं. काळा सूट घातलेला गायक असेल तर विचार करा, नाहीतर नुसते पंजे आणि चेहरा गातील. नवीन शूट करत असाल तर मागून दोन्ही बाजूंनी खांद्यावर दिवे मारा, कडा उजळल्या की माणूस अंधारापासून सुटतो.

फ्रेममधून हात बाहेर जाता कामा नये. टीव्हीवर हात फ्रेमबाहेर गेला तर कोणाला काही वाटत नाही, पण इथे फ्रेमच दिसत नसते, त्यामुळे तान घेताना बाहेर गेलेला हात मनगटापासून तुटतो आणि बघणारा दचकतो. झूम, पॅन, क्लोजअप असलेला व्हिडिओ तर कामाचाच नाही. मोठ्या कंपन्यांना हाच त्रास होतो, जुनं फुटेज असतं पण असं सलग, पायापर्यंतचं, एका अँगलचं नसतं. म्हणून त्या दुसऱ्या एखाद्या कलाकाराकडून तशीच हालचाल करून घेतात, बॉडी डबल, आणि वर कॉम्प्युटरने चेहरा बसवतात. दिवंगत गायक रॉय ऑर्बिसनची 2018 ची टूर घ्या किंवा त्याच वर्षीची ऑपेरा गायिका मारिया कॅलसची, अंग कोणाचं आणि चेहरा कोणाचा हे माहीत असेल तर बघताना जरा वेगळंच वाटतं. घरच्या शोचा हा फायदा बघा, आपल्याकडे जे आहे ते खरं त्याच माणसाचं आहे, फुटेज खराब असेल पण उधारीचं नाही.

उजेड. पारदर्शक शीट 45 अंशात तिच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण दहा टक्केच परत पाठवते, बाकी आरपार जातो. म्हणून टॅबचा ब्राइटनेस फुल, आणि खोलीत काळोख, पडदे ओढून, राउटरचे ते लुकलुकणारे दिवे झाकून. तरीही चित्र मरगळलेलं वाटलं तर एक गंमत करून बघा, टॅब जागच्या जागी 90 अंशात फिरवा आणि व्हिडिओही त्याप्रमाणे फिरवा. बऱ्याच स्क्रीनमधून येणारा उजेड पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात, आणि तिरकी शीट एका दिशेचा उजेड दुसऱ्या दिशेच्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त परतवते, त्यामुळे कधी कधी नुसतं फिरवल्याने फरक पडतो. माणूस लहान होईल पण दिसेल तरी. काही टॅबमध्ये फरक पडत नाही, मग सोडून द्या.

शीटच्या मागे काळं कापड लावा, पण एकदम मोकळं ठेवू नका. तिथे एखादी खरी वस्तू ठेवली की मेंदू फसतो. छोटी खुर्ची, छोटा स्टूल, खेळण्यातला माइक, आणि त्यावर अगदी बारीक दिवा. वस्तू माणसाच्या जवळ दिसायला हवी असेल तर ती शीटच्या खालच्या कडेच्या लगेच मागे ठेवा, कारण प्रतिमा बरोबर त्या कडेवर उभी असते. माणूस आणखी आत हवा असेल तर टॅब शीटच्या कडेपासून जितका खाली उतरवाल तितका तो मागे जातो, 5 सेंटिमीटर खाली म्हणजे 5 सेंटिमीटर मागे. हे कळलं की मग तासभर तोच उद्योग होतो, माझं झालंय. टॅबसमोर पुठ्ठ्याची एक पट्टी उभी करायला विसरू नका, नाहीतर प्रेक्षकांना खाली झोपलेला दुसरा गायकही दिसतो.

बसायची जागा समोर, मध्यभागी, डोळे साधारण गायकाच्या छातीच्या लेव्हलला. बाजूने बघितलं की तो पुठ्ठ्याचा कटआउट आहे हे लगेच कळतं, कारण आहेच तो सपाट. मोठ्या शोचं तिकीट काढतानाही हेच लक्षात ठेवा, कडेच्या खुर्च्या टाळा, आणि बाल्कनी फार उंच असेल तर तीही. शिवाय जाहिरातीत लाइव्ह बँड आहे का ते वाचा, कारण समोर घाम गाळणारी खरी माणसं नसतील तर ते शेवटी महागडं व्हिडिओ बघणं होतं. 2020 मध्ये दिवंगत गायिका व्हिटनी ह्यूस्टनचा टूर निघाला त्यात खरे वादक आणि डान्सर होते. लंडनमध्ये 2022 पासून चाललेला आब्बा या स्वीडिश बँडचा शो पण लोक याच खात्यात टाकतात, पण त्यात चित्र येतं ते साडेसहा कोटी पिक्सेलच्या अवाढव्य एलईडी स्क्रीनवर, आणि शो सुरू झाला तेव्हा ते चौघंही हयात होते, स्वतः सेन्सरवाले सूट घालून पाच आठवडे नाचले, म्हणजे निदान विचारायला माणसं होती.

आवाजाचं. टॅबच्या स्पीकरमधून आवाज सोडलात तर तो टेबलातून येतो आणि माणूस वर उभा, मेंदूला पटत नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर शीटच्या मागे, गायकाच्या उंचीवर ठेवा, ब्लूटूथमुळे ओठ आणि आवाज मागेपुढे होत असतील तर सरळ वायर लावा. घरात कोणी तबला, पेटी, गिटार वाजवत असेल तर एआयवाल्या ॲपने गाण्यातला नुसता आवाज वेगळा काढा आणि साथ लाइव्ह करा. बीटल्सनी 2023 मध्ये आलेल्या गाण्यासाठी जॉन लेननचा जुन्या कॅसेटवरचा आवाज पियानोपासून असाच सोडवून घेतला होता. फक्त वाजवणाऱ्याला आधीच सांगा की गायक त्याच्यासाठी थांबणार नाही. मोठ्या शोमध्ये वादकांच्या कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे ठेका मोजणारी टिकटिक असते, सगळं सेकंदावर बांधलेलं, गायकाला मूड आला म्हणून अंतरा परत घेतला असं होत नाही. आमच्या तबलेवाल्याने सवयीने तिहाई लांबवली आणि बाबा निघून गेले पुढे.

आता तुपाकचं राहिलं होतं ते. आज कोणाच्याही आवाजात कोणतंही वाक्य बनवता येतं, आणि हात शिवशिवतात, बाबांच्या तोंडी "बाळा कशी आहेस" घालावं असं आम्हालाही वाटलं. नाही घातलं. माझा नियम सोपा आहे, तो माणूस जे खरोखर बोलला किंवा गायला तेवढंच दाखवायचं. आणि घरातल्या सगळ्यांना विचारायचं, एकाने जरी नको म्हटलं तर नको. मोठ्या लेव्हललाही असंच अडतं, दिवंगत गायिका एमी वाइनहाऊसची टूर जाहीर होऊन 2019 मध्ये थांबवली गेली, आणि व्हिटनीचंच एक टीव्हीवरचं ड्युएट 2016 मध्ये तिच्या वारसांनी ऐनवेळी रद्द केलं कारण त्यांना ते बरोबर दिसत नव्हतं. स्टारचा व्हिडिओ घेऊन घरात चार माणसांत केलंत तर ठीक, पण हॉल घेऊन तिकीट लावायचा विचार असेल तर गाण्याचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे आणि चेहऱ्याचे वेगळे. कॅलिफोर्नियात तर माणूस गेल्यावर 70 वर्षं त्याच्या चेहऱ्यावर वारसांचा हक्क असतो. वकील गाठा, मी वकील नाही.

शोच्या दिवशी टॅब फुल चार्ज करून एअरप्लेन मोडवर (ब्लूटूथ स्पीकर असेल तर ब्लूटूथ तेवढं परत चालू करा). आमच्याकडे रंगीत तालमीत बाबांच्या छातीवर बॅटरी 15 टक्के अशी पाटी उमटली होती, हसून हसून पोट दुखलं पण खऱ्या शोला तसं झालं असतं तर हसलो नसतो. ऑटो ब्राइटनेस बंद, स्क्रीन लॉक बंद, ऑटोप्ले बंद, नाहीतर गाणं संपताच भलतंच कोणीतरी उगवतं. शेवटी व्हिडिओ फ्रीज होऊ देऊ नका, दोन-तीन सेकंदांत हळूहळू काळा करा.

आणि एडिट करताना सुरुवात फार कापू नका. मी गाणं सुरू होतं तिथून कट मारला होता, आधीचं सगळं काढून टाकलं होतं, त्यात बाबा चष्मा वर करतात, खाकरतात, कोणाकडे तरी बघून मान हलवतात, दहा-बारा सेकंदांचं आहे. काकूंनी, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, ते मूळ रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं होतं, म्हणाल्या ते कुठे गेलं. परत जोडलं. शो झाल्यावर त्यांनी गाणं एकदाच ऐकलं, तेवढा तुकडा मात्र चार वेळा लावायला सांगितला.